बिघडत चाललेली हार्ड डिस्क: क्लोनझिला की डीडीरेस्क्यू?

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या ‘स्मार्ट’ अहवालात ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या बारीक तुकड्यांचा, आकडा चढायला लागला की एकेक फोल्डर कॉपी करत बसण्यात अर्थ नसतो. अख्खी डिस्कच नव्या एसएसडीवर उतरवायची. फुकट मिळणारी दोन साधनं मी वापरली आहेत, तैवानच्या एनसीएचसी या संगणन केंद्राचं क्लोनझिला आणि जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं डीडीरेस्क्यू.

क्लोनझिला डिस्कवरचे फक्त भरलेले ब्लॉक (डेटाचे कप्पे) उचलतं. १ टीबीच्या डिस्कवर २०० जीबी डेटा असेल तर तेवढाच वाचायचा, तोही मेन्यूतून, कमांड न लिहिता. डिस्क धडधाकट असेल तर मी आजही तेच सुचवेन. खराब सेक्टर लागला की मात्र ते थांबतं; पुढे रेटायला एक्स्पर्ट मोडमधला ‘रेस्क्यू’ पर्याय निवडावा लागतो.

माझं मत ठरलं ते विजेमुळे. मेहुण्याच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेचे हिशेब, फवारणीच्या नोंदी, निर्यातीची कागदपत्रं, सगळं एका जुन्या डेस्कटॉपवर. ऐन पावसाळ्यात तो पंचवटीला आमच्या घरी आणला. वीज सारखी ये-जा करत होती आणि दर वेळी क्लोनझिला पुन्हा पहिल्यापासून! वेळेचं एक वेळ सोडा. पण शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कला तेच ते सेक्टर परत वाचायला लावणं मला बघवेना.

डीडीरेस्क्यू मॅपफाइल ठेवतं. काय वाचून झालं, काय राहिलं, सगळं तिच्यात. वीज आली, तीच कमांड पुन्हा दिली, की काम राहिलं होतं तिथून पुढे. शिवाय ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागा ओलांडतं आणि हट्टी सेक्टरांकडे शेवटी वळतं. मेहुण्याच्या नोंदी अशाच हाती आल्या. मॅपफाइल तेवढी वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. ज्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करतो त्या लाइव्ह यूएसबीच्या रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, ठेवली तर विजेबरोबर तीही जाते.

डीडीरेस्क्यू रिकामी जागाही वाचतं, म्हणून वेळखाऊ आहे. जुनी आणि नवी डिस्क कमांडमध्ये उलटी लिहिली तर जुन्यावरचं सगळं पुसलं जाईल, तेव्हा सिरियल नंबर ताडून पाहा. कमांडची धास्तीच वाटत असेल आणि घरात भरवशाचा यूपीएस असेल, तर क्लोनझिलाने कदाचित भागेलही. आमच्याकडच्या पावसाळ्यात मी डीडीरेस्क्यूच लावेन. चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवायची ती नव्या प्रतीवर, जुन्या डिस्कवर नाही. आणि डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर ही दोन्ही साधनं बाजूला ठेवा, डिस्क ताबडतोब बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.