हवामान खटला: कायद्याचं कलम की जगण्याचा हक्क?

उत्सर्जन रोखण्यासाठी सरकारविरुद्ध कोर्टात जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो आधाराचा. प्रदूषण कायद्यातलं कलम धरायचं, की नागरिकांचे हक्क? पहिल्या वाटेचा नमुना मॅसॅच्युसेट्स विरुद्ध ईपीए (2007), म्हणजे ईपीए या अमेरिकी केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेविरुद्धचा खटला. दुसरीचा नमुना उर्गेंडा (2019), म्हणजे या नावाच्या संघटनेने नेदरलँड्सच्या सरकारविरुद्ध चालवलेला खटला.

कलमाची वाट भक्कम आहे, हे आधी मान्य करतो. मुद्दा आटोपशीर राहतो: क्लीन एअर ॲक्ट या अमेरिकेच्या हवा प्रदूषण कायद्यातल्या, वाहनांच्या धुराविषयीच्या कलम 202 खाली कार्बन डायऑक्साइड हवा प्रदूषक ठरतो का? सुप्रीम कोर्टात 5 विरुद्ध 4 मतांनी ठरला. एकदा ठरला की परवाने, मोजमाप, दंड ही यंत्रणा कायद्यात तयारच असते.

माझा कल फिरला तो आदेशाच्या शब्दांमुळे. उत्सर्जन कमी करा, असं कोर्टाने म्हटलंच नाही. नियम करायला ईपीएने दिलेल्या नकाराची कारणं कायद्याला धरून नाहीत, नव्याने ठरवा, एवढंच. नियम करा असा ईपीएकडे केलेला मूळ अर्ज 1999 चा, तो फेटाळला 2003 मध्ये, आणि कार्बन डायऑक्साइडसारखे वायू घातक असल्याचा निष्कर्ष आला डिसेंबर 2009 मध्ये. वीजकेंद्रांसाठीच्या 2015 च्या नियमांना फेब्रुवारी 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाचीच स्थगिती. 2022 च्या वेस्ट व्हर्जिनिया निकालात 6 विरुद्ध 3 मतांनी ठरलं, की वीजनिर्मिती कोळशावरून दुसरीकडे वळवण्याइतका अधिकार त्याच कायद्याचं कलम 111(डी) ईपीएला देत नाही. जुलै 2025 मध्ये तर 2009 चा निष्कर्षच मागे घेण्याचा प्रस्ताव ईपीएने मांडला. खटला जिंकूनही हातात फेरविचारच पडतो, आणि सरकार बदललं की तोही उलटा फिरतो. मला हे फार खुपतं.

उर्गेंडाच्या आदेशात आकडा आहे: 1990 च्या तुलनेत 2020 अखेर किमान 25 टक्के घट. कशी साधायची, ते सरकारने ठरवावं. हा आकडा म्हणजे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने विकसित देशांसाठी दिलेल्या 25 ते 40 टक्क्यांची खालची कड. मागणी 40 ची होती, निदान 25 ची तरी. कोर्टाने किमान तेवढंच उचललं, म्हणून धोरणात ढवळाढवळ केल्याचा आक्षेप टिकला नाही. तिथलं हेमवेगचं कोळशावरचं वीजकेंद्र 2019 अखेर बंद झालं, त्यामागे या आदेशाचाही दबाव होता.

आधार मात्र दुहेरी मांडावा. 2015 मध्ये खालच्या कोर्टाने काळजी घेण्याच्या कर्तव्यावर निकाल दिला. पुढे अपिलात आणि सुप्रीम कोर्टात तो युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम 2 (जगण्याचा हक्क) आणि 8 (खासगी व कौटुंबिक जीवनाचा हक्क) वर टिकला. वादी संघटना असलेली बरी: 2024 मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क कोर्टाने हवामानाबाबत स्विस ज्येष्ठ महिलांच्या वैयक्तिक तक्रारी दाखल करून घेतल्या नाहीत, त्यांच्या संघटनेची घेतली. आणि प्रतिवादी शक्यतो राज्यसंस्थाच असावी. शेल या तेल कंपनीवर डच कोर्टाने 2021 मध्ये लादलेली 45 टक्के घट नोव्हेंबर 2024 मध्ये अपिलात रद्द झाली. कर्तव्य कायम राहिलं, पण एका कंपनीपुरती टक्केवारी ठरवायला पुरेसा शास्त्रीय आधार कोर्टाला दिसला नाही.

वाद एखाद्याच प्रकल्पाच्या परवान्याचा असेल तर कलमच बरं, असं मला वाटतं. देशाच्या एकूण उत्सर्जनाचा असेल तर हक्कांवर जा, आणि मागणीत टक्केवारी, आधारवर्ष आणि मुदत तिन्ही लिहा.