एचएसएस गिटारचे पिकअप बदलून एक अख्खी लग्नसराई वाजवल्यावर

आधी गिटार कुठली आणि मी वाजवतो काय ते सांगतो, कारण पिकअपबद्दलचं (पिकअप म्हणजे तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा चुंबक आणि कॉइल) कुठलंही मत त्याशिवाय अर्धवट असतं. स्ट्रॅट टाइपची एचएसएस गिटार आहे, म्हणजे ब्रिजला हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) आणि मिडल-नेकला सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा), अल्डरची बॉडी, मेपलचा नेक, एक व्हॉल्यूम, एक टोन, फाइव्ह-वे स्विच (एक नंबर ब्रिज, दोन ब्रिज-मिडल, तीन मिडल, चार मिडल-नेक, पाच नेक), आणि टोनचा नॉब वर ओढला की हमबकर स्प्लिट होतो, म्हणजे त्याची एकच कॉइल वाजते. पुण्यात ऑर्केस्ट्रात वाजवतो. एका रात्रीत भावगीतं, लावण्या, सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी, मग डिस्को आणि शेवटी पब्लिक तापलं की रॉक, हे सगळं एकाच गिटारवर, कारण दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक बोलतो तेवढ्या वेळात गिटार बदलून ट्यून करणं शक्यच नसतं. म्हणून मला असा सेट हवा होता ज्यातल्या पाचही पोझिशन खरोखर वापरता येतील.

दिवाळीच्या आधी तिन्ही पिकअप बदलले. ब्रिजला सेमूर डंकनचा '५९, ट्रेमबकर साइजचा (ट्रेमोलो ब्रिजच्या जास्त अंतराचा) आणि चार वायरवाला, मिडल आणि नेकला एसएसएल-२ हे सिंगल कॉइल, त्यातला मिडलचा आरडब्ल्यूआरपी, म्हणजे उलट्या वेढ्यांचा आणि उलट्या पोलॅरिटीचा. त्यानंतर लग्नं, वर्धापनदिन, कॉलेजचे गॅदरिंग, हॉल, लॉन, मंडप सगळीकडे हाच सेट वाजलाय.

पिकअप बदलायचे म्हटलं की बहुतेक जण ब्रिजला जास्तीत जास्त आउटपुटवाला हमबकर शोधतात आणि बाकीच्या दोघांकडे बघतही नाहीत, आणि एचएसएसमध्ये माझ्या मते नेमकं हेच टाळलं पाहिजे. डंकनचा जेबी घ्या, मित्राच्या गिटारवर मी तो भरपूर वाजवलाय, लीडला काय सुंदर गातो, अप्पर मिड असे पुढे येतात की ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड सगळ्यांतनं वाट काढतो. पण त्याचा डीसी रेझिस्टन्स साधारण १६ के ओहम, '५९ चा ८ के च्या आसपास आणि एसएसएल-२ चा साडेसहा. आता रेझिस्टन्स म्हणजे थेट आउटपुट नव्हे हे मान्य, तार बारीक घेतली की तेवढ्याच वेढ्यांना आकडा वाढतो, मॅग्नेटवरही बरंच अवलंबून असतं, पण दिशा कळते. साडेसहाच्या शेजारी सोळा बसवला की पोझिशन एकवरनं चारवर आलात की आवाज बसतो, आणि क्लीन अँप सिंगल कॉइलच्या हिशोबानं लावलेला असेल तर हमबकरवर गेल्या गेल्या तो फाटायला लागतो. दोन नंबरच्या पोझिशनला मिडल पिकअप त्या हमबकरखाली दबून जातो, दोन पिकअप मिळून जो बदकासारखा आवाज निघतो, क्वॅक म्हणतो आपण, तो येतच नाही नीट.

आणि अजून एक, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जास्त वेढे म्हणजे जास्त इंडक्टन्स (कॉइल सिग्नलमधल्या झटपट बदलांना जो विरोध करते तो). स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलचा साधारण सव्वादोन-अडीच हेन्री, जुन्या पद्धतीच्या हमबकरचा चार-साडेचार, जेबीसारख्याचा आठच्या घरात. इंडक्टन्स वाढला की वरची ट्रेबल लवकर कापली जाते. कमी आउटपुटच्या पिकअपपुढे ओव्हरड्राइव्हचा पेडल लावून त्याला हवं तेवढं ढकलता येतं, पण पिकअपनंच कापलेली वरची हवा नंतर कुठल्याही ईक्यूनं तशी परत येत नाही. म्हणून सगळं वाजवायचं असेल तर कमी आउटपुटकडनं सुरुवात करा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

'५९ नावाप्रमाणे जुन्या पीएएफच्या, म्हणजे गिब्सनच्या पहिल्या हमबकरच्या चालीचा आहे. गिब्सनच्या सेथ लव्हरनं १९५५ मध्ये हमबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९५७ पासून ते पिकअप गिटारवर बसायला लागले आणि पेटंट मिळालं १९५९ ला. कल्पना अजूनही तीच आहे, दोन कॉइल, एकीचे वेढे उलटे आणि मॅग्नेटची दिशाही उलटी, त्यामुळे तारेचा सिग्नल एकमेकांत मिळतो आणि बाहेरनं आलेला हम (विजेची घूं) एकमेकांना मारतो. मंडपात डिमरवाले लाइट आणि जनरेटर शेजारी असले की या गोष्टीची किंमत कळते. माझ्या '५९ चा क्लीन आवाज खालून भरीव आणि वरून मोकळा आहे, कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, डिस्टॉर्शनवरसुद्धा. मिड मात्र थोडे मागे असतात, हा त्याचा स्वभावच आहे. घरी एकट्यानं वाजवताना हे छान वाटतं, पण बँडमध्ये लीड घ्यायची असेल तर मी ट्यूब स्क्रीमर जातीचा पेडल लावतो, त्याचा फुगवटा बरोबर सातशे-आठशे हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथेच '५९ ला गरज असते. ज्याला पेडलशिवाय सरळ अँपमध्ये लावून रॉक वाजवायचाय त्यानं मात्र दुसरं काहीतरी बघावं.

सिंगल कॉइलमध्ये एसएसएल-१ न घेता २ घेतला. जुन्या स्ट्रॅटचे (आणि एसएसएल-१ चेही) पोलपीस, म्हणजे तारांखालचे छोटे चुंबक, खालीवर असतात आणि तिसऱ्या तारेचा पोल उंच असतो, कारण १९५४ ला स्ट्रॅट आली तेव्हा ही तिसरी (G) तार वाइंडेड (वरून बारीक तार गुंडाळलेली) असायची आणि तिचा आवाज कमी पडायचा. आज आपण दहाचा सेट (पहिली तार ०.०१० इंचाची) लावतो, त्यात ही तिसरी तार साधी असते आणि तीच सगळ्यात जोरात बोलते, वर फ्रेटबोर्ड जुन्या स्ट्रॅटपेक्षा सपाट. एसएसएल-२ मध्ये सगळे पोल एका पातळीत असतात. भावगीतात नेकवर, टोन अर्ध्यावर आणून सावकाश मींड घेताना तिसरी तार अचानक ओरडत नाही, हा फरक मला पहिल्याच कार्यक्रमात जाणवला आणि अजूनही रोज आवडतो. आमच्या ताई गात असताना मागे भरणारे छोटे तुकडे आता त्यांच्या आवाजाच्या अंगावर येत नाहीत.

चार नंबरची पोझिशन, मिडल आणि नेक, ही तर माझी निम्म्या कार्यक्रमाची जागा झालीये. लावणीत ढोलकीबरोबर छोटे चॉप्स, डिस्कोत सोळाच्या गतीचा ऱ्हिदम, सगळं तिथे. मिडल उलट्या वेढ्यांचा आणि उलट्या पोलॅरिटीचा असल्यामुळे दोन आणि चार नंबरला हम जातो, फक्त दोनला हमबकर स्प्लिट केलेला असताना कुठली कॉइल चालू राहते ते बघावं लागतं, मिडलच्या उलट पोलॅरिटीची राहिली तरच हम जातो. नुसत्या नेकवर किंवा नुसत्या मिडलवर हम येतो, येणारच. आतनं कॉपर फॉइल लावली तरी ती वरची चरचर कमी करते, ट्रान्सफॉर्मरच्या मॅग्नेटिक फील्डचा हम तिला अडत नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे उभं राहण्याचा कोन बदलायचा, थोडं वळलं की हम बराच खाली येतो. साऊंडवाल्या दादांनी "गिटारची लाइन घूं करतेय" म्हटलं की मी आधी तेच करतो आणि गाणं नसताना व्हॉल्यूम शून्यावर. नॉइजलेस पिकअप का नाही घेतले असं खूप जण विचारतात. चांगले असतात, स्टुडिओत किंवा खूप गेनवर सिंगल कॉइल वाजवणाऱ्याला तेच घ्यावेसे वाटतील, पण मला साध्या सिंगल कॉइलचा तो काचेसारखा वरचा आवाज जास्त प्रिय आहे.

आता वायरिंग, कारण निम्मा आवाज तिथे ठरतो आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. हमबकरला ५०० के चा पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) लागतो, सिंगल कॉइलला २५० के, आणि एचएसएसमध्ये व्हॉल्यूम एकच. ५०० ठेवला तर सिंगल कॉइल टोचतात, २५० ठेवला तर '५९ झोपतो. माझ्या गिटारला टोन एकच असल्यामुळे फाइव्ह-वे स्विचची दुसरी बाजू मोकळी होती, तिथे मिडल आणि नेकच्या टोकांना मिळून ४७० के चा एक रेझिस्टर लावून तो ग्राउंड केला. ५०० आणि ४७० पॅरलल म्हणजे साधारण २४२ के. नुसता ब्रिज असला की पूर्ण ५००, आणि मिडल किंवा नेक सामील झाले की आपोआप २५० च्या आसपास. दोन-चार रुपयांचा रेझिस्टर तापकीर गल्लीत कुठेही मिळतो, आणि त्यानं जो फरक पडलाय तो मोठा आहे.

स्प्लिटचंही असंच. आठ के चा हमबकर पूर्ण स्प्लिट केला की चार उरतो आणि आवाज अगदीच बारीक होतो. म्हणून दोन कॉइलच्या जोडाची वायर सरळ ग्राउंड न करता मध्ये २.२ के चा रेझिस्टर टाकला, त्यामुळे दुसरी कॉइल थोडी शिल्लक राहते. आवाज भरतो, बदल्यात दोन नंबरला हम पूर्ण जात नाही, किंचित राहतो. मला चालतं.

पॉट इम्पोर्टेड घेणार असाल तर आधी भोकं मोजा. आशियात बनलेल्या बऱ्याच गिटारना छोटे पॉट असतात, सीटीएसच्या मोठ्या पॉटला साधारण साडेनऊ मिमीचं भोक लागतं, म्हणजे रीमरनं वाढवावं लागतं, आणि दातेही वेगळे असल्यामुळे जुने नॉब त्यावर नीट बसत नाहीत. हमबकरचं पण माप घ्या, ट्रेमोलोवाल्या ब्रिजला पोल जास्त अंतरावर लागतात, डंकन त्याला ट्रेमबकर म्हणतात आणि डीमार्झिओ एफ-स्पेस्ड.

उंची लावण्यात मी सगळ्यात जास्त वेळ घातला आणि त्याचं चीज झालं. फेंडरचं जुन्या पद्धतीच्या पिकअपसाठीचं माप म्हणजे शेवटच्या फ्रेटला तार दाबून पोलपर्यंत जाड बाजूला २.४ मिमी आणि बारीक बाजूला २ मिमी. मी सिंगल कॉइल तिथनं सुरू केले आणि नेकचा अजून थोडा खाली नेला, कारण मॅग्नेट तारेच्या फार जवळ आला की तो तार ओढतो, जाड तारांवर वरच्या फ्रेटला सूर डगमगतो आणि ट्यूनर पण गोंधळतो. मग सिंगल कॉइल जागेवर ठेवून हमबकर खालीवर करत तिघांचा आवाज जुळवला. पावसाळ्यात दमटपणानं नेक हलला, ॲक्शन बदलली, तेव्हा हे परत करावं लागलं, तर स्क्रू ड्रायव्हर बॅगेत ठेवा. खरं तर नवीन काही विकत घेण्याआधी आहे त्याच पिकअपची उंची नीट लावून दोन-तीन कार्यक्रम वाजवून बघा, तिन्ही नव्या पिकअपच्या पैशात एक बिगिनर गिटार येते, तेवढा खर्च करायचा तर आधी हे फुकटचं करून घ्यावं.

ज्याला मुख्यतः मेटल वाजवायचंय, ड्रॉप ट्यूनिंग आणि पाम म्यूट, त्याला हा सेट मी सुचवणार नाही. तिथे सिरॅमिक मॅग्नेटवाला जास्त आउटपुटचा हमबकर हवा, डीमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन १९७२ पासून त्याच कामासाठी आहे आणि आजही मस्त वाजतो. आणि दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र लावणार असाल तर फेज (दोघांचे सिग्नल एकाच दिशेनं जातात का ते) तपासूनच सोल्डर करा, दोन आणि चार नंबरला आवाज पोकळ आणि नाकातनं आल्यासारखा झाला तर फेज उलटी आहे समजा. रंगही सगळ्यांचे सारखे नसतात, डंकनमध्ये काळी वायर हॉट, हिरवी आणि उघडी ग्राउंड, लाल-पांढरी एकत्र, तर डीमार्झिओत लाल हॉट, हिरवी आणि उघडी ग्राउंड, काळी-पांढरी एकत्र. जुनं वायरिंग काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि काढलेल्या पिकअपना चिकटपट्टी लावून ब्रिज, मिडल, नेक लिहून ठेवा, गिटार विकताना मूळ पिकअप परत लावले की नवे पुढच्या गिटारला वापरता येतात.