पीवायपीचे दहा महिने: चौथीच्या वर्गातून

सोळा वर्षं मी पाठ्यपुस्तक धरून शिकवलं. गेल्या जूनपासून पुण्यातल्या आमच्या शाळेत आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचा पीवायपी हा प्राथमिक टप्पा सुरू झाला. आयबीची मान्यता अजून यायची आहे. इथे ठरलेलं पुस्तक नाही. वर्षाला सहा युनिट्स, प्रत्येकाची एक सेंट्रल आयडिया, म्हणजे मध्यवर्ती कल्पना, आणि तिच्याभोवती मुलांचे प्रश्न.

पहिलं युनिट माझ्याकडून फसलं. प्रश्नही मीच फळ्यावर लिहिले आणि उत्तरंही मीच दिली. सवय होती.

स्थलांतराच्या युनिटमध्ये मात्र एका मुलीने विचारलं, "आजी म्हणते, आम्ही पुरामुळे शनिवार पेठेतून गोखलेनगरला आलो. कुठला पूर?" पुढचे तीन आठवडे त्या प्रश्नाने घेतले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं, आणि पाणी पेठांत शिरलं. ती आजी वर्गात आली, दीड तास बोलली. मुलांनी नकाशावर जुनं घर ते नवं घर अंतर मोजलं, पूरग्रस्तांच्या वसाहती शोधल्या. एकाने विचारलं, "पाणी ओसरल्यावर परत का नाही गेलात?" आजी थोडा वेळ गप्पच झाल्या. इतिहासाच्या धड्यावर असा प्रश्न मला सोळा वर्षांत कुणी विचारला नव्हता.

पण वहीत मुलांनी हे सगळं इंग्रजीत लिहिलं आणि आजींचे 'ओसरलं', 'गाळ', 'बिऱ्हाड' हे शब्द गळून गेले. मला फार वाईट वाटलं. मातृभाषेला आधार देणारं भाषा-धोरण शाळेकडे असावं, अशी आयबीचीच अपेक्षा आहे. आमच्याकडे ते फाइलमध्ये होतं. मी मुलाखती मराठीत लिहून घ्यायला लावल्या. आता मुलं घरी जाऊन शब्द विचारून येतात.

तक्रारी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. नोव्हेंबरात भागाकार आला तेव्हा 'समान वाटणी म्हणजे काय' हे सगळ्यांना सांगता आलं, पण सात आठे किती यावर निम्मा वर्ग अडला. पीवायपी पाढ्यांना मनाई करत नाही, आम्हीच उत्साहात ते सोडले होते. आता रोज सकाळी दहा मिनिटं पाढे होतात. प्लॅनर, म्हणजे युनिटचा लेखी आराखडा, भरण्यात माझ्या संध्याकाळी जातात. पालक मार्क विचारतात, त्यांना नीट समजावणारं कुणी नाही.

सगळ्यात मोठी अडचण पटसंख्येची. वर्गात ३४ मुलं आणि मी एकटी. दहा-बारा जणांचे प्रश्न ऐकून होतात तोवर घंटा होते, आणि जी मुलं हळू बोलतात ती मागेच राहतात. ज्यांची शाळा ही पद्धत आणते आहे त्या पालकांनी इमारत, टॅब यांच्याआधी हे विचारावं: एका वर्गात मुलं किती, आणि जोडीला दुसऱ्या बाई आहेत का?

मला पुन्हा पुस्तकाकडे जायचं नाही. जूनमध्ये सहायक शिक्षिका मिळावी म्हणून अर्ज दिला आहे. स्थलांतराच्या युनिटसाठी दोन आजोबांनी आत्ताच होकार कळवला आहे.