बी६५० मदरबोर्ड: आठ महिने वापरून झाल्यावर

मागच्या पावसाळ्यात जुना पीसी कायमचा बसला तेव्हाच ठरवलं की आता एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) जायचं, मग लॅमिंग्टन रोडवरून बी६५० बोर्ड, रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक उचलल्या आणि संध्याकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये तो खोका छातीशी धरून घरी आणला.

जोडताना खरी टरकते ती सॉकेटपाशी. पिना प्रोसेसरला नाहीत, बोर्डावरच आहेत, तब्बल १७१८, आणि लिव्हर दाबताना असा करकर आवाज येतो की वाटतं गेले पैसे. तो तसाच येतो, घाबरू नका. वरचं काळं झाकण आपोआप उडतं ते जपून ठेवा, मी टाकून दिलं होतं, वॉरंटीला लागू शकतं म्हणून मित्राने सांगितल्यावर रात्री अकराला कचऱ्याचा डबा उपसत बसलो.

मग बटण दाबलं. पंखे फिरतायत, स्क्रीन काळी, रॅमचा पिवळा दिवा पेटलेला. दोन मिनिटं झाली, तीन झाली, आई मागून म्हणते, "जळलं का रे?" बंद केला, स्टिक काढून परत दुसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये दाबून बसवल्या, पुन्हा तेच. शेवटी वैतागून चहा टाकायला गेलो, कप घेऊन येतो तर बायोस (बोर्डाच्या सेटिंगची स्क्रीन) समोर! डीडीआर५ पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंग करतं, म्हणजे रॅम कुठल्या सेटिंगवर नीट चालते ते बोर्ड तपासून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात, आणि मी दरवेळी ते अर्ध्यातच मारत होतो.

विंडोज ११ टाकताना वायफाय नाही, लॅन नाही, कारण ड्रायव्हरच नाही. मोबाइलचं यूएसबी टेदरिंग लावून भागवलं. आणि रॅम ६००० स्पीडची घेऊन महिनाभर ४८०० वर चालवत होतो, बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला तिचा पूर्ण स्पीड देणारं सेटिंग) चालू करायचं असतं हे डोक्यातच नव्हतं 🤦

बाकी आठ महिन्यांत बोर्डाने त्रास असा दिला नाही, फक्त रोज चालू व्हायला चाळीसेक सेकंद घ्यायचा. मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (दरवेळी नवं ट्रेनिंग न करता आधीचंच वापरणारं सेटिंग) ऑन केलं तर बूट पंधरा सेकंदांवर आला पण निळी स्क्रीन यायला लागली, मग बायोस अपडेट करून पॉवर डाऊन हे रॅमचं सेटिंग पण ऑन केल्यावर गप्प बसला. केसचे पंखे लावायला मात्र दोनच हेडर (वायर जोडायच्या पिना) दिलेत, या किमतीत ही कंजुषी कशाला? तिसरा स्प्लिटरवर चाललाय.

६४ जीबी करायचा मोह होतो, पण चार स्टिक लावल्या की ६००० सहसा टिकत नाही, म्हणून सध्या ३२ वरच आहे.