राउटरवरचा फॅमिली फिल्टर: काही महिने वापरल्यावर

घरात सात वर्षांचा मुलगा आणि तेरा वर्षांची मुलगी. दोघंही नेट वापरतात, म्हणून गेले काही महिने आम्ही राउटरवर क्लाउडफ्लेअर या कंपनीचा मोफत फॅमिली फिल्टर लावलाय. ही सेवा २०२० साली सुरू झाली. माझं मत आधीच सांगते: मुलांना नको ते चुकून दिसू नये, एवढ्यासाठी हा फिल्टर उत्तम. लहान मुलाच्या बाबतीत मी त्याला पाचपैकी साडेचार देईन, तेरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत जेमतेम अडीच.

बसवायला सोपा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसचे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सेवेचे, दोन रकाने असतात, तिथे १.१.१.३ आणि १.०.०.३ टाकायचं आणि राउटर बंद करून चालू करायचा. शेवटचा आकडा नीट बघा, कारण १.१.१.२ टाकलंत तर फक्त व्हायरसवाल्या साइट अडतात, अश्लील साइट चालूच राहतात. आपण साइटचं नाव टाकलं की फोन आधी तिचा पत्ता विचारतो, आणि अशा साइटचा पत्ता हा फिल्टर देतच नाही. प्रत्येक फोनमध्ये वेगळं ॲप टाकायला लागत नाही. टीव्हीलाही तो लागू होतो आणि ब्राउझरच्या इनकॉग्निटो (खाजगी) खिडकीतही.

एक गोष्ट मात्र सहज सुटते. राउटरवर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्याचे डीएनएसचे रकाने वेगळे असतात. ते तसेच ठेवले तर फोन त्या वाटेने इंटरनेट कंपनीच्या डीएनएसला विचारून मोकळा होतो. तिथे २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३ टाकायचं. फिल्टर लावूनही साइट उघडत असतील तर आधी हे तपासा, आणि मग ब्राउझरमधलं 'सुरक्षित डीएनएस' बघा. तिथे दुसरी सेवा निवडलेली असेल तर राउटरला कुणी विचारतच नाही.

मोबाइल डेटावर राउटरचा संबंध संपतो. अँड्रॉइड ९ पासूनच्या फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं, तिथे फॅमिली.क्लाउडफ्लेअर-डीएनएस.कॉम हे नाव इंग्रजी अक्षरांत टाकलं की बाहेरही तोच फिल्टर चालतो. मुलीच्या फोनमध्ये तिला सांगूनच तसं केलं. पण सगळं नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारं व्हीपीएन ॲप घेतलं की हे सगळं निकामी, म्हणून नवं ॲप माझ्या परवानगीशिवाय बसू नये यासाठी जोडीला गूगलचं फॅमिली लिंक ठेवलंय.

खटकणारी गोष्ट म्हणजे साइट अडवली असं सांगणारं पान येत नाही. फिल्टर ०.०.०.० असा पत्ता देतो आणि ब्राउझर नुसतं 'साइट उघडता येत नाही' म्हणतो. मुलगा नेट गेलं समजून राउटर बंद-चालू करायला निघाला होता. एखादी चांगली साइट अडली तर तेवढीच मोकळी करायची सोयही यात नाही. तशी यादी ठेवायची असेल तर दुसरी सेवा घ्यावी लागते.

आता खरा मुद्दा. फिल्टरला फक्त साइटचं नाव कळतं, आत काय चाललंय ते नाही. मुलगा एका व्हिडिओ ॲपवर डायनासोर बघत होता. ऑटोप्लेवर एकामागून एक व्हिडिओ लागत गेले आणि मध्येच ओळखीच्या कार्टूनचा एक व्हिडिओ आला. चेहरा तोच, रंग तेच, पण ते पात्र दुसऱ्याला सुईने टोचत होतं आणि मागे किंचाळण्याचा आवाज. त्याने टॅबलेट उलटा ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन नुसता उभा राहिला. रात्री पुन्हा पुन्हा विचारत होता, त्याला लागलं का? असे व्हिडिओ २०१७ साली मोठ्या प्रमाणात उघडकीला आले होते, तरी तो प्रकार पुरता संपलेला नाही. त्यानंतर आम्ही त्याला यूट्यूब किड्सवर आणलं आणि 'फक्त मंजूर केलेलं' हा पर्याय लावला. त्यात शोधच बंद होतो, आपण निवडलेलेच चॅनेल आणि व्हिडिओ दिसतात. चॅनेल निवडत बसायला वेळ जातो, पण माझ्या मते दहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी या फिल्टरपेक्षाही हे जास्त महत्त्वाचं आहे.

मुलीचे गुण कमी का, तेही सांगते. एका गेमच्या चॅटमध्ये कुणीतरी आधी तिच्या खेळाचं कौतुक केलं, मग वय विचारलं, मग फोटो मागितला, आणि 'घरी सांगू नको' असंही लिहिलं. यातलं काहीही कुठल्या डीएनएसला दिसणं शक्य नाही. तिने स्वतः फोन आणून दाखवला. काही सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही, असं आम्ही तिला आधीच कबूल केलं होतं, आणि तो शब्द पाळला. स्क्रीनशॉट ठेवले, त्या खात्याची तक्रार केली, मग ब्लॉक केलं. याच क्रमाने करा, कारण ब्लॉक केल्यावर काही ठिकाणी चॅट दिसेनासं होतं. आता तिच्या गेममध्ये चॅट फक्त मित्रयादीपुरतं आहे, आणि यादीत नवं नाव घ्यायच्या आधी ती मला विचारते.