मुलाची वाढ मोजायची की सेवेचे काम?

अपंगत्व असलेल्या मुलांसाठी सेवा चालवणाऱ्यांना कधीतरी विचारले जातेच, 'तुमच्यामुळे नेमका काय फरक पडला?' मग साधनांची शोधाशोध सुरू होते.

पहिला मोह कौशल्य मोजण्याचा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) असेल तर बसणे, उभे राहणे, चालणे अशा हालचाली मोजणारे जीएमएफएम-६६, रोजच्या व्यवहारांसाठी पेडी-कॅट ही संगणकावरची प्रश्नावली. दोन्ही भरवशाची साधने आहेत, पण वाढलेल्या गुणांचे श्रेय सेवेला द्यायचे की वयाला? २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वाढीच्या आलेखांनुसार, सेरेब्रल पाल्सीत मूल हालचालींच्या आपल्या क्षमतेचा ९० टक्के पल्ला साधारण पाच वर्षांच्या आत गाठते. तीव्रता जास्त असेल तर तिसऱ्या वर्षाच्या आतच. म्हणजे लहानग्यांची सेवा आपसूक पास आणि बारा वर्षांच्यांची आपसूक नापास.

म्हणून उद्दिष्टांवर आधारलेली साधने बघावीत. खरी निवड इथे आहे. पहिले साधन जीएएस (गोल अटेनमेंट स्केलिंग, म्हणजे ठरवलेले उद्दिष्ट किती गाठले ते मोजणे), १९६८ चे, मूळचे मानसिक आरोग्य सेवांसाठी केलेले. प्रत्येक उद्दिष्टाच्या उणे दोन ते अधिक दोन अशा पाच पायऱ्या आधीच लिहून ठेवायच्या; शून्य म्हणजे अपेक्षेइतके. 'बटणे सोडून शर्ट स्वतः घालतो' ही शून्याची पायरी, बटणेही लावली तर अधिक एक. अगदी नेमके. गोम अशी की पायऱ्या बहुधा थेरपिस्टच लिहितो आणि सोप्या लिहिल्या की निकाल झकास लागतो.

दुसरे साधन सीओपीएम (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर). त्यात सुरुवात गप्पांतून होते. मूल किंवा पालक अडचणी सांगतात, त्यांतल्या जास्तीत जास्त पाच निवडतात आणि 'किती जमते' व 'किती समाधान आहे' याला दहापैकी गुण देतात. दोन गुणांचा फरक दखलपात्र मानतात. शर्टाचे काय ते बघू, मधल्या सुट्टीत खेळायला घेत नाहीत, हे मुलाकडून कळते ते इथेच. मात्र ओळखीच्या माणसाला कमी गुण द्यायला जीभ रेटत नाही, हेही खरे.

जीवनमानाच्या, म्हणजे मुलाला आपले आयुष्य कसे वाटते याच्या प्रश्नावल्या, उदाहरणार्थ किडस्क्रीन, मी सेवेच्या गुणपत्रिकेत धरणार नाही. २००७ च्या युरोपीय पाहणीत सेरेब्रल पाल्सी असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या, स्वतः उत्तरे देऊ शकणाऱ्या मुलांचे जीवनमान बहुतेक बाबतींत इतर मुलांसारखेच निघाले. मग त्यातून सेवेचे यश वाचायचे कसे?

एमपीओसी-२० ही प्रश्नावली मात्र हवीच. ती मुलाकडे नव्हे, सेवेच्या वागण्याकडे बघते: मान दिला का, माहिती दिली का, एकाच मुलाबरोबर काम करणारे एकमेकांशी बोलतात का. वीस प्रश्न, पालकांची उत्तरे. माहिती देण्याला बहुधा सर्वांत कमी गुण पडतात, तयारी ठेवा.

छोटे केंद्र असेल तर सीओपीएम आणि एमपीओसी-२० पुरे. जीएएस घ्यायचेच तर पायऱ्या त्या मुलाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याकडून तपासून घ्या. आणि गुण कोणी दिले, मुलाने, आईने की थेरपिस्टने, याचा रकाना ठेवा. आईचे सात आणि मुलाचे चार यांची सरासरी काढू नका.