येशूच्या वंशावळींवरील मुस्लिम-ख्रिस्ती वाद : एका व्याख्यानमालेचे परीक्षण

बायबलच्या नव्या करारातील शुभवर्तमानांचे लेखक मत्तय आणि लूक यांनी दिलेल्या येशूच्या वंशावळी परस्परांशी जुळत नाहीत, हा मुस्लिम अभ्यासकांचा जुना आक्षेप आणि त्याला ख्रिस्ती अभ्यासकांनी वेळोवेळी दिलेली उत्तरे यांवर ही सशुल्क ऑनलाइन व्याख्यानमाला बेतलेली आहे. दोन्ही बाजूंचा एकेक वक्ता, मध्ये सूत्रसंचालक आणि सोबत एक पुस्तिका असे तिचे स्वरूप आहे. त्यांपैकी पुस्तिका सर्वांत सरस उतरली आहे.

पुस्तिकेत दोन्ही याद्या शेजारी-शेजारी छापल्या आहेत आणि एवढ्यानेच अर्धा वाद समजतो. मत्तयाची यादी अब्राहामापासून खाली येते, तर लूकची येशूपासून वर आदामापर्यंत चढते. अब्राहामापासून दावीदापर्यंत दोघांचे बहुतांशी एकमत आहे. मात्र दावीदानंतर एक यादी शलमोनाच्या आणि दुसरी नाथानाच्या शाखेने जाते, शल्तीएल व जरुब्बाबेल या दोन नावांपाशी त्या एकत्र येतात आणि लगेच पुन्हा फुटतात. अखेरीस योसेफाचा पिता मत्तयाच्या मते याकोब, तर लूकच्या मते एली ठरतो. मत्तयाने चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट साधताना योराम आणि उज्जीया यांच्यामधील अहज्या, योवाश व अमस्या हे तीन राजे वगळले, हेही जुन्या करारातील ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाशी ताडून दाखवले आहे.

ख्रिस्ती वक्त्याची तयारी चांगली आहे. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक ज्युलियस आफ्रिकानस याचे उत्तर, जे चर्चचा इतिहासकार युसेबियस याच्या ग्रंथामुळे आपल्यापर्यंत पोहोचले, ते तो नीट समजावून सांगतो : एली निपुत्रिक वारला, त्याचा सावत्र भाऊ याकोब याने शास्त्राच्या आज्ञेनुसार त्याच्या विधवेशी विवाह केला, म्हणून योसेफ जन्माने याकोबाचा आणि कायद्याने एलीचा पुत्र ठरला. आफ्रिकानस एलीच्या पित्याचे नाव मल्खी सांगतो, पण आज प्रचलित असलेल्या लूकच्या पाठात एली आणि मल्खी यांच्यामध्ये आणखी दोन नावे येतात, ही अडचणही तो लपवत नाही. लूकची यादी येशूची माता मरीया हिची आहे, हा दुसरा तोडगा मात्र तो फार घाईने उरकतो; त्या यादीत मरीयेचे नावच नाही, ही साधी गोष्ट त्याने सांगायला हवी होती.

मुस्लिम वक्ता या आक्षेपाची परंपरा अकराव्या शतकातील स्पेनमधील कॉर्दोबाचा मुस्लिम विद्वान इब्न हज्म याच्यापासून सुरू करतो आणि 1854 साली आग्र्यात मुस्लिम विद्वान रहमतुल्लाह कैरानवी व ख्रिस्ती मिशनरी फांडर यांच्यात झालेल्या जाहीर वादापर्यंत आणतो. इतिहास तो रंगवून सांगतो, क्वचित गरजेपेक्षा अधिक. मालिकेतील खरी रंगत मात्र बाजू उलटल्यावर येते. कुराणाच्या एकोणिसाव्या सूऱ्यात (अध्यायात) मरयमला, म्हणजे मरीयेला, ‘हारूनची बहीण’ असे संबोधले आहे आणि सहासष्टाव्यात ती इमरानची कन्या आहे. तौरातनुसार, म्हणजे मोशेच्या ग्रंथांनुसार, हारून, मोशे आणि त्यांची बहीण मिर्याम ही अम्रामची (अरबीत इमरानची) मुले, म्हणजे येशूच्या मातेहून कित्येक शतके आधीची. यावर वक्ता ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहातील हदीस, म्हणजे पैगंबरांविषयीची परंपरागत नोंद, पुढे करतो. अरबस्तानातील नजरानच्या ख्रिस्ती लोकांनी हाच प्रश्न पैगंबरांचे सहकारी मुगीरा इब्न शुअबा यांना विचारला होता आणि त्यांनी तो पैगंबरांपुढे मांडल्यावर पैगंबरांनी, पूर्वीचे लोक आपल्या आधीच्या पैगंबरांची व सज्जनांची नावे मुलांना देत असत, असे उत्तर दिले होते.

नात्याचा शब्द दर वेळी जन्माचेच नाते सांगतो असे नाही, हे गृहीत धरूनच दोन्ही वक्ते आपापल्या ग्रंथाचा बचाव करतात, आणि समोरच्याच्या ग्रंथावर आक्षेप घेताना मात्र हीच सवलत नाकारतात. सूत्रसंचालकाने हा मुद्दा तिथेच पकडून दोघांना एकाच मापाने उत्तर द्यायला लावायला हवे होते. त्याऐवजी त्याने वेळेचे कारण देऊन पुढचा विषय घेतला. मालिकेतील सर्वांत मोठी संधी अशी वाया गेली. इब्राहीमच्या (अब्राहामाच्या) पित्याचे नाव कुराणात आझर आणि बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात तेरह असल्याचा प्रश्नही ओझरता येऊन जातो. पैगंबरांच्या वंशावळीत अदनान या पूर्वजाच्या पलीकडील नावांविषयी मुस्लिम विद्वानांमध्येच मतभेद आहेत, हे तर केवळ पुस्तिकेच्या तळटीपेत सापडते. वास्तविक वंशावळी कशा जपल्या जातात आणि कुठे विरळ होत जातात, हे समजून घेण्यासाठी ते एक उदाहरण पुरेसे ठरले असते.

अखेरचे प्रश्नोत्तरांचे सत्र वगळले तरी काही बिघडत नाही, कारण त्यात प्रश्न कमी आणि घोषणा अधिक आहेत. उपशीर्षकांत एकाच व्यक्तीचे नाव निरनिराळ्या प्रकारे लिहिले असल्याने, आधीच नावांच्या गर्दीत वावरणाऱ्या प्रेक्षकाचा गोंधळ वाढतो. वादात कोण जिंकले हे पाहण्यासाठी येणाऱ्यांची येथे निराशा होईल. ज्याला मूळ उतारे उघडून स्वतः ताडून पाहायचे आहेत, त्याने पुस्तिका हाताशी ठेवून पहिली दोन व्याख्याने आणि मरयमविषयीची चर्चा जरूर पाहावी. पुस्तिका स्वतंत्रपणे विकत मिळाली असती तर मी केवळ तिचीच शिफारस केली असती, परंतु सध्या ती मालिकेसोबतच घ्यावी लागते.